आबांनी आईला कुठं ठेवलं होतं

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी एकदा स्वतः साफ केला आणि त्यानंतर आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. घरात मी आणि माझे वडील, आबा, असे दोघंच, म्हणून ते जमलं.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आई जाऊन वर्ष झालं होतं. आजारपणात आबांनी माईक तिच्या तोंडाशी धरून तिचं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं होतं. निम्मं बोलणं म्हणजे आबांना शिव्याच! ("अवो, औषध मला द्या, माईकला न्हवं!") रोज सकाळी आबा ते ऐकत आणि मगच चहा पीत.

मला मात्र शिस्तीचा रोग. कॉम्प्युटर रखडायला लागला, तसा मी नको असलेला एकेक प्रोग्रॅम काढत सुटलो. रेकॉर्डिंगचा तो जुनाट प्रोग्रॅमही हाताला लागला. मशीननं विचारलं, या फोल्डरात आणखी फाइली आहेत, सगळ्या काढू? विचारतंय काय, काढ! (रिकाम्या जागेत लगेच चार सिनेमेही भरले.)

सकाळी आबांनी हाक मारली. "तुझी आई कुठं हाय रं?"

"माय डॉक्युमेंट्समध्ये बघा की."

"तितं कशाला ठेवू? ज्या मशीनचं काम, त्याच मशीनच्या खणात!"

आबांनी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेलं. त्याच शिस्तीनं त्यांनी आईला रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवलं होतं!

"आबा, प्रोग्रॅमचा माल वेगळा आणि आपला वेगळा ठेवायचा असतो!"

"मग त्यानं मला ठेवू दिलंच कशाला?"

प्रोग्रॅमच्या पोटात माणसाचं काही राहूच नये, असं मशीन बनवायला त्या कंपनीवाल्यांना काय धाड भरली होती? (मला काय धाड भरली होती, हे कृपया विचारू नका.)

दुरुस्तीवाल्यानं डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. "पावणं, पुसलेल्या जागंवर सिनेमा बसलाय. आता काय घावत न्हाय." मी दुकानातच रडलो. आबा रडले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात शेजारचा रफिक आला. "आबा, माझा कॉम्प्युटर लई रखडतोय. दादा साफ करून देत्यात म्हणं?"

"देतोय की! लई साफ करतोय," माझ्याकडे न बघता आबा म्हणाले. "आमची मंडळी एकदा आजारानं गेली. दुसऱ्यांदा ह्येनं घालवली."

रफिक चहा न घेताच उठला. त्याच्या कॉम्प्युटरला मी आजतागायत हात लावलेला नाही. त्याची आई ठणठणीत आहे.