डोरीनबाईंची अंगठी आणि मी काढलेलं कारंजं

गेल्या सप्टेंबरात मी इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये एका सत्तरीच्या बाईंच्या बटाट्यांच्या वाफ्यात कारंजं उभं केलं. तसा माझा विचार नव्हता.

मला फक्त एक छंद हवा होता. ऑफिसातला एकजण सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळायचा आणि सोमवारी रोमन नाण्याचे फोटो दाखवायचा. मी प्राजक्ताला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "आपणही घेऊ या."

"घे. पण स्वस्तात," ती म्हणाली.

मी इतकं स्वस्तात घेतलं की विकणाऱ्याने पैसे घेताना दोनदा विचारलं, "आर यू शुअर?" यंत्राची मूठ चिकटपट्टीने बांधलेली होती, आणि आवाज असा की बदकाच्या मानेवर पाय पडलाय. बाकी सामान घरातलंच जमवलं. गुडघ्याखाली घ्यायला प्राजक्ताची योगा मॅट (तिला न विचारता), माती चाळायला पिठाची चाळणी (सासूबाईंना न विचारता), आणि पायांत एका मित्राने फुकट दिलेले बांधकामावरचे जाडजूड बूट. एकदम प्रोफेशनल!

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलेली बाई. भाऊबंदकीत कुऱ्हाडी निघालेल्या शेतांत उभं राहून त्यांनी हद्दी कायम केल्या होत्या. त्या माझ्या यंत्राकडे बघून एवढंच म्हणाल्या, "चाळणी धुऊन जागेवर ठेवा, मंदार."

तेवढ्यात शेजारच्या डोरीनबाई आल्या. डोळे लाल. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची अंगठी त्या स्वतःच्या बोटात घालत. जरा सैलच होती. आदल्या दिवशी अलॉटमेंटमध्ये, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यात, बटाटे काढताना ती पडली होती.

"मंदार, तुझ्याकडे ते मशीन आहे ना?"

"डोरीन, लीव्ह इट टू मी!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कुणालाही म्हणणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही सगळे निघालो. अलॉटमेंटचे सेक्रेटरी कीथ यांनी फाटकातच बजावलं, "डोरीनच्या तुकड्यातच खणायचं, आणि खड्डे बुजवायचे." मी यंत्र सुरू केलं. पहिल्याच पावलाला बदक ओरडलं! खणलं. काही नाही. दुसरं पाऊल. पुन्हा ओरडलं! खणलं. गांडूळ. तिसरं, चौथं, पाचवं... जिथे उभा राहीन तिथे खजिना! तासाभरात मी डोरीनबाईंच्या तुकड्याची अशी दशा केली की रानडुकरांनीही माझ्याकडे शिकवणी लावली असती. लीकच्या, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या, दोन ओळी आडव्या झाल्या. डोरीनबाई घडीच्या खुर्चीवर बसून हसण्याचा प्रयत्न करत होत्या, आणि तोच बघवत नव्हता.

"मंदार," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ते यंत्र तुमच्या बुटांना ओरडतंय."

"काय?"

"यंत्र पायाजवळ आलं की ओरडतं. लांब गेलं की गप्प. बुटांत लोखंड आहे का बघा."

बघितलं. पुढच्या टोकाला स्टीलची वाटी होती. म्हणजे तासभर मी स्वतःच्याच अंगठ्यांचा शोध घेत होतो!

मी बूट काढले आणि मोज्यांवर पुन्हा सुरुवात केली. आता यंत्र शहाण्यासारखं गप्प झालं. आणि मग कडेला, नळाजवळ, अचानक एक खणखणीत, लांबलचक सूर!

"सापडलं!" मी ओरडलो.

"थांबा, तो आवाज सरळ रेषेत..." सासूबाई म्हणाल्या. पण मी फावडं घातलं होतं.

तो पाण्याचा पाइप होता. पाणी माझ्या डोक्याच्याही वर गेलं! डोरीनबाई भिजल्या, प्राजक्ता भिजली, योगा मॅट वाहत कोबीपर्यंत गेली. कीथ पळत येऊन मुख्य नळ बंद करेपर्यंत त्या तुकड्यात भातलावणी करता आली असती.

"दॅट्स इट," कीथ म्हणाले. "खणणं बंद. उद्या हे सगळं सपाट करून घेतो."

डोरीनबाई उजव्या हाताने डाव्या हाताचं रिकामं बोट चोळत राहिल्या. मला कुठे तोंड लपवावं कळेना. (खड्डे भरपूर होते, पण सगळे पाण्याने भरलेले.)

तेव्हा सासूबाई उठल्या. साडीवर माझं जॅकेट, पायांत प्राजक्ताचे रबरी बूट. कीथसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सर, वन अवर. नो डिगिंग. ओन्ली मेजरिंग." तो आवाज मी ओळखतो. त्यापुढे सांगली जिल्ह्यातले भांडखोर भाऊ गप्प बसायचे, तिथे कीथ काय! त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

मग त्या डोरीनबाईंकडे वळल्या. "व्हिच हँड यू थ्रो?"

डोरीनबाई डावखुऱ्या निघाल्या. अंगठीही त्याच हातात.

"शो मी. लाइक दॅट डे."

डोरीनबाईंनी बटाट्याचा वेल उपटल्यासारखं केलं आणि हात झटकून मागे, कंपोस्टच्या ढिगाकडे भिरकावल्यासारखं केलं. सासूबाईंनी हातात खरंच ओला पाला दिला. "अगेन. अगेन." पाला जिथे जिथे पडला तिथे त्यांनी दगड ठेवले, दगडांना सुतळी बांधली आणि त्या जागेचे हातभर रुंदीचे पट्टे पाडले. मग यंत्र माझ्याकडून घेतलं (मागितलं नाही, घेतलं) आणि जमिनीला घासून, एकेक पट्टा सावकाश चालू लागल्या. घाई नाही. बडबड नाही. आम्ही पाचजण नसून तिथे एकटी ती बाई आणि जमीन आहे असं वाटत होतं. मला त्या क्षणी कळलं की आपल्याकडे यंत्र होतं, आणि त्यांच्याकडे बाकी सगळं.

चौथ्या पट्ट्यात, वाफ्यापासून चांगली दहा पावलं लांब, बदक हळूच एकदा बोललं.

सासूबाई खाली वाकल्या. फावडं नाही, काही नाही. दोन बोटांनी गवत बाजूला केलं.

"डोरीन," त्या म्हणाल्या, "कम."

अंगठी बोटात गेल्यावर डोरीनबाईंनी सासूबाईंना जी मिठी मारली, ती बराच वेळ सुटली नाही. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत होती, तरी दोघी एकदमच बोलत होत्या. सासूबाई त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या आणि कीथ उगाचच आकाशाकडे बघत होते. पाइप मीच दुरुस्त करून दिला, आणि लीकही पुन्हा लावले. जगलेत, असं डोरीनबाई सांगतात. त्या फार सभ्य आहेत.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई सांगलीला परत गेल्या. पुढच्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. अलॉटमेंटमधलेच एक गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे. शेडची एकुलती एक किल्ली गवतात हरवली होती.

"युअर मदर-इन-लॉ घरी आहेत का?"

"त्या इंडियाला गेल्या. मे महिन्यात येतील. पण मशीन माझंच आहे, मी लगेच येतो!"

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं आणि अत्यंत प्रेमाने हसले.

"ओह, नो रश," ते म्हणाले. "मे इज लव्हली."