पुरावा गोळा करणारे काका

आमच्या अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मण आळीतले, एक निवृत्त हेडक्लार्क काका सिनेमा न पाहताच तो बंद पाडण्याचा अर्ज लिहितात. मजकूर कायम तयार असतो, फक्त सिनेमाचं नाव भरायचं. यंदा नंबर लागला एका मुस्लिम घरातल्या प्रेमकथेचा, तीही कादंबरीवरून काढलेली. "संस्कृती बुडते, अल्वा? होय की नाही?" असं कानडी मिसळून म्हणत त्यांनी अर्जावर पहिली सही ठोकली आणि पुरावा गोळा करायला मला मॅटिनीला नेलं.

मध्यंतरापर्यंत ते अंधारात वहीत काहीतरी टिपत होते. मग नायिकेचा निकाह भलत्याशीच लागायची वेळ आली. काझींनी दोनदा विचारलं, ती गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काका उभे राहून ओरडले, "बेडा म्हण गं पोरी! नको म्हण!"

पुढच्या रांगेतली बुरखा घातलेली बाई डोळे पुसत वळली. "कित्ता बी बोलो अज्जा, सुनतीच नै वो! मैं तीन बार देखी."

नायिका 'कबूल' म्हणाली. काका धपकन खाली बसले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग काका, अर्ज कधी द्यायचा?"

"अर्ज राहू दे रे. तू कादंबरी वाचलीयस ना? त्यात तरी ती नको म्हणते काय?"