पुस्तकात नसलेली बाई

पिच्चर सर पुस्तक उघडायचे ते त्यात ठेवलेला पेन ड्राइव्ह काढायला. बाकी पुस्तकाचा आणि त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. जिंतूरला एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा बी.ए. इंग्रजीचा क्लास चालायचा. आम्ही नऊजण होतो. मी बोरीहून एसटीने यायची. विज्ञान कादंबऱ्यांचा एक अख्खा पेपर आम्हाला होता, शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या जाडजूड कादंबऱ्या. सरांनी त्यातली एकही वाचलेली नव्हती आणि याची त्यांना तिळमात्र लाजही नव्हती. कादंबरीवरचा पिच्चर हिंदीत डब झालेला मिळाला की लॅपटॉपवर लावायचा, झाली कादंबरी शिकवून.

"अंगाला कापूस लावून फिरता का? कापडच घालता ना? मग कादंबरी कापूस आणि पिच्चर कापड," असं ते म्हणायचे. हे तत्त्वज्ञान ऐकून आम्ही माना डोलवायचो. आम्हीही काही कमी मूर्ख नव्हतो.

आणि शिकवणं तरी काय! माणसं जरा बोलायला लागली की सर पिच्चर पुढं पळवायचे, स्फोट झाला की मागं नेऊन पुन्हा दाखवायचे. मग ट्यूबलाइट लावून, लेखकाची शैली भव्य आहे, असं लिहून घ्यायला सांगायचे. लेखक बिचारा कधीच मरून गेलेला, नाहीतर त्यानं केसच टाकली असती.

तिसऱ्या वर्षाला एक कादंबरी होती. एक शास्त्रज्ञ कृत्रिम सूर्य बनवतो, शहरातली रात्रच नाहीशी होते आणि झोपेवाचून माणसं वेडीपिशी व्हायला लागतात. पिच्चरमध्ये हिरव्या रेनकोटातली एक बाई येते, यंत्र फोडते आणि मरते. भर उन्हात रेनकोट कशाला, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. परीक्षेत नेमका शेवटावर प्रश्न आला. मी त्या बाईच्या त्यागावर चार पानं खरडली, रेनकोटाच्या रंगासकट. नऊच्या नऊजण त्या पेपरात नापास.

इतरांचं एक वर्ष गेलं असतं. माझं सगळंच जाणार होतं. एक जरी विषय राहिला तरी कॉलेज बंद आणि सेलूच्या स्थळाला होकार, असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आधीच बजावलं होतं. निकाल कळताच त्यांनी पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी पाहुण्यांना बोलावलं.

सरांना जाब विचारला तर म्हणाले, पेपर तपासणाऱ्यानं पिच्चर पाहिलेला नसंल. माझं डोकंच फिरलं. ग्रंथालयातून ती कादंबरी काढली, शब्दकोश घेऊन अकरा दिवस बसले आणि शेवटचं पान संपताच जिंतूर गाठलं.

"सर, पुस्तकात ती बाईच न्हाई," मी म्हणाले.

असं कसं, नीट बघ, म्हणाले. मी पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं. पुस्तकात शास्त्रज्ञ स्वतःच आपला सूर्य विझवतो आणि लोक निवांत झोपतात. त्यानं काय केलं ते कुणाला कळतही नाही. रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत, हेही मी तोंडावर सांगून टाकलं. सरांनी पुस्तक ठेवून घेतलं.

रविवारी पाहुण्यांच्या आधी सरांचीच मोटारसायकल दारात आली. आईनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. अण्णा बसा म्हणत होते, तर ते बसेनात.

"भाऊ, पोरगी नापास झाली न्हाई, मी झालो," ते म्हणाले. "न वाचता शिकवलं मी. घरी बसवायचं आसंल तर मला बसवा, तिला नका."

पुन्हा परीक्षेला बसायचा फॉर्म कधी भरायचा, एवढंच अण्णांनी विचारलं आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन केला.

त्यानंतर सरांनी ती कादंबरी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. दर दोन शब्दांना अडखळत, उच्चारांचा पार चुथडा करत. ऐकवत नव्हतं. पण वाचली, शेवटपर्यंत. आम्ही सगळे पास झालो.

सर गेल्या उन्हाळ्यात वारले. मी आता परभणीला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि सरांपेक्षा शंभरपट चांगलं शिकवते, यात मला शंका नाही. यंदा माझ्या वर्गातल्या चार पोरी इंग्रजीत राहिल्या. अभ्यास म्हणून करत नाहीत मेल्या, असं मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले. त्यातल्या एकीच्या लग्नाची पत्रिका आली. मी आहेर पाठवून दिला.