मामाच्या लॅपटॉपची बिजागरी

स्वस्तातला लॅपटॉप किती वर्षं टिकतो, हे मी अकोल्याला जाऊन स्वतःच्या हातांनी तपासलेलं आहे.

झालं असं, की आमच्या मृण्मयीला अमरावतीतच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिला लॅपटॉप हवा झाला. तिने मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहून आमच्या खिशाला झेपेल अशी एक कंपनी नक्की केली. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे (हे वाक्य मी घरात फार वेळा वापरतो, असं बायकोचं मत आहे) तिचं म्हणणं ताबडतोब खोडून काढलं.

"हे व्हिडिओवाले आठ दिवस वापरतात अन् म्हणतात, मस्त आहे! आठ दिवस तर नवा जावईबी मस्तच वाटते!"

"तुमी वाटले होते ना आमच्या बाबाले," बायको मेथी निवडता निवडता म्हणाली. "पुढं काय झालं ते माईत आहे सगळ्याईले."

मी तिकडे कान दिला नाही. वस्तूचा खरा गुण ती जुनी झाल्यावरच कळतो. तेव्हा नवा लॅपटॉप पाहायचाच नाही, जुना पाहायचा! आणि नेमका त्याच कंपनीचा जुना लॅपटॉप होता माझ्या साळ्याकडे. विनायक अकोल्यात वकिली करतो, जुन्या शहरात राहतो. मी शाळेत रजा टाकली. (मृण्मयीला टायफॉईड झाला तेव्हा टाकली नव्हती, हे बायकोने लगेच सांगितलं.) बापलेक बसने निघालो.

पोचलो तेव्हा विनायक वर काळा कोट आणि खाली चौकडीचा पायजमा अशा वेशात टेबलाशी बसला होता. थोड्याच वेळात ग्राहक आयोगापुढे त्याची ऑनलाइन सुनावणी होती. दर्यापूरच्या एका शेतकऱ्याचा फवारणी पंप पहिल्याच हंगामात मोडला होता. विकणारी कंपनी म्हणत होती, पंप चांगला आहे, वापरणाऱ्याने आडदांडपणा केला. विनायक त्या शेतकऱ्याचा वकील.

"भाऊजी, डोळे मिटून घ्या हा लॅपटॉप!" तो म्हणाला. "सहा वर्षं झाले, एक दिवस त्रास नाई. फक्त हळू उघडा लागते."

"हळू काऊन?"

"हळू उघडला की उघडते."

माझ्यातला भौतिकशास्त्रज्ञ जागा झाला. "पाह्य मृण्मयी," मी म्हणालो, "स्वस्त लॅपटॉपचा जीव बिजागरीत असते. पडदा एका कोपऱ्याले धरून उचलला, की सगळा ताण एकाच बिजागरीवर येते. माल चांगला असंल, तर काई होत नाई."

"बाबा, राहू द्या ना."

"अवं, काई होत नाई!"

कट्ट!

पडदा माझ्या हातात आला. पूर्ण नाही, एका चपट्या वायरीने तो अजून खालच्या अर्ध्या भागाशी नातं सांगत होता. आतून विनायकच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा आवाज आला, "काय फुटलं वो?"

"काई नाई," विनायक म्हणाला. फाशीची शिक्षा झालेला माणूस इतक्याच शांतपणे बोलत असावा. "भाऊजी प्रयोग करून राहिले."

"मोबाईलवरून करता येते ना सुनावणी!" मी घाईघाईने सुचवलं.

"कागद सगळे याच्यात आहेत! फोटो याच्यात, पावत्या याच्यात!"

मृण्मयीने वाकून पाहिलं. "मामा, चालू आहे! पडदा फक्त कोणीतरी धरून ठेवा लागंल."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मग मी टेबलाच्या पलीकडे, भिंत आणि टेबल यांच्या सांदीत, फरशीवर उकिडवा बसलो आणि दोन्ही हात वर करून पडदा धरला. सुनावणी सुरू झाली. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. समोर आयोगाच्या अध्यक्षबाई होत्या. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग माझ्या हातांना मुंग्या यायला लागल्या.

"वकीलसाहेब," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला छताचा पंखा का दाखवताय?"

मी पडदा झटकन पुढे झुकवला.

"आता पायजमा दिसतोय!"

विनायकने टेबलाखालून मला लाथ मारली. (सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला!) मी पडदा सरळ केला आणि त्याने सूर लावला, "मॅडम, माझ्या अशिलाने पंप अत्यंत जपून वापरला. मुद्दा असा, की चांगली वस्तू साध्या हाताळणीने मोडता कामा नये..."

"ते ठीक आहे. पण कॅमेऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी ही बोटं कोणाची येतायत?"

विनायकची वकिली खरंच चांगली. तो क्षणभरही अडखळला नाही. "ते स्टँड आहे, मॅडम."

त्या सांदीत कोणी दिवाळीपासून झाडू फिरवला नसावा. इतका वेळ नाकात साठलेली धूळ त्याच क्षणी बाहेर आली. मी असा शिंकलो, की पडदा माझ्या डोक्यावर आपटला, आणि स्वयंपाकघरातून वहिनी प्रेमाने ओरडल्या, "भाऊजी, पंख्याखाली बसू नका वो, सर्दी होईल!"

मग अध्यक्षबाईंचा आवाज आला, "तुमच्या स्टँडला सर्दी झालेली दिसते."

कंपनीचा वकील एवढा हसला, की त्याला पाणी प्यावं लागलं. बाईंनी पुढची तारीख दिली. "त्या दिवशी समक्ष या," त्या म्हणाल्या. "आणि स्टँडला घरीच ठेवा."

जेवताना विनायकने पोळ्यांचा डबा माझ्यापासून लांब सरकवला. वहिनींनी मात्र मला आग्रहाने आल्याचा काढा पाजला. मृण्मयी तेवढी खुशीत होती. "बाबा, एवढा मोडला, तुमच्या डोक्यावर पडला, तरी बंद नाई पडला! मी म्हणत होती तीच कंपनी घ्यायची."

अमरावतीला परतल्यावर आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप खोक्यात भरला आणि विचारलं, "फुटतुटीचा विमा घेता का? तसा घेत नाई कोणी. घरी लहान लेकरं असले तर मी सांगतो, घ्या म्हणून. आहेत का घरी लहान लेकरं?"

"नाई," मृण्मयी म्हणाली. "बाबा आहेत."

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि काही न विचारता सगळ्यात मोठ्या मुदतीचा विमा काढला.