बोल्टाखालचा रंग

कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमधली हिवाळ्यातली ती दुपार मला अजून अर्धवट झोपेत असताना आठवते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके गाडीवर पडलेले, बाहेर उसाच्या ट्रॉल्या संथ चाललेल्या, आणि साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर वास. गाडी म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांनी बांधलेली शर्यतीची इलेक्ट्रिक गाडी. तिचा प्रोग्रॅम माझ्याकडे आणि सगळं वायरिंग माझ्या मैत्रिणीकडे.

तिच्या घरी शेवंतीची शेती. दसऱ्याला अख्खं घर हार करायला बसायचं. म्हणून वायरींच्या जुडीला ती प्लॅस्टिकचे पट्टे लावायची नाही, मेण लावलेल्या दोऱ्याने हाराच्या गाठी मारायची. ती बोटं चालायला लागली की मी हातातलं काम सोडून नुसती बघत बसायची.

सांगाड्याला मोरपंखी रंग मात्र मी दिला होता. त्या रंगावर माझा फार जीव.

चाचणीच्या आदल्या दिवशी वेगाचं पॅडल स्थिर धरलं तरी लॅपटॉपवर त्याचा आकडा नाचायला लागला. पॅडल किती दाबलंय हेच गाडीला कळेना. राग तर कायम माझ्या नाकावर. सगळ्या टीमसमोर मी तिला म्हणाले, "गाठी आवळून वायरी दाबल्यास तू. हार आहे का हा?" आणि कात्रीने एकेक गाठ कापत गेले. ती दोऱ्याचे तुकडे ओंजळीत गोळा करत राहिली. दबलेली वायर एकही निघाली नाही.

सगळे जेवायला गेल्यावर मी गाडीखाली शिरले. पॅडलच्या अर्थिंगची वायर तिथे बोल्टने सांगाड्याला जोडलेली होती. वायरिंग तिचं, पण रंग दिल्यावर हा बोल्ट मीच लावलेला. रंगातून वीज जात नाही, म्हणून त्याखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं असतं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी खरवडला नव्हता. इतका सुंदर बसलेला रंग, माझ्या जिवावर आलं होतं. आता बोटभर जागा पॉलिश पेपरने घासली, बोल्ट परत आवळला. आकडा गप्प उभा राहिला.

शेडमध्ये कोणी नव्हतं. गाठी कापल्या म्हणून जमलं, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. खरं सांगते, ते वाक्य मी मनात जुळवूनही ठेवलं होतं.

सगळे परत आले. तिची ओंजळ रिकामी होती, तरी मला तिच्यात दोऱ्याचे तुकडेच दिसत राहिले. मी म्हणाले, "चूक माझी. अर्थिंगखाली रंग मी ठेवला. गाठी बरोबर होत्या." स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने वाकून घासलेली जागा पाहिली. "एवढंच खरवडलंस व्हय? अजून रंगातनं जीव निघंना तुझा." पेपर घेऊन तिने आणखी थोडं घासलं, मग दोरा माझ्या हातात दिला. "बस हितं. निम्म्या गाठी तू मारायच्या."

दुसऱ्या दिवशी गाडी मैदानावर धावली. माझ्या वेड्यावाकड्या गाठी त्या जुडीत लांबूनही ओळखू येत होत्या. तिने त्यातली एकही सोडवून पुन्हा बांधली नव्हती.