तोरणमाळच्या घाटात फुटलेली बरणी

नंदुरबार स्टेशनावर उतरलो आणि खिशातला परीक्षेचा फॉर्म सातव्यांदा चाचपला. बी.ए.ला गणित घेऊन मी गतिशास्त्रात आपटलो होतो. पुन्हा बसायचे तर आमच्या सरांची सही हवी, आणि सर सुट्टीत थंड हवेसाठी तोरणमाळला जाऊन बसलेले. फॉर्मची मुदत चार दिवसांवर आलेली. आधी तोंडी उत्तर, मग सही, असे त्यांनी कळवले होते. प्रश्नही कळवला होता: झोके घेणाऱ्या वस्तूला बाहेरून ठेका बसत राहिला तर काय होते? समीकरण मला तोंडपाठ होते. ते कशाशी खातात हे मात्र ठाऊक नव्हते.

म्हसावदपर्यंत मोटार मिळाली. तिथले झिप्रूआण्णा सरांचे सामान कावडीने वर पोचवत. त्यांच्या ओट्यावर कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद दळून केलेली) आणि ठेचा समोर आला, पण माझे डोके वहीतच होते. आण्णांनी कावडीच्या एका टोकाला माझ्या वह्या बांधल्या, दुसऱ्याला मी सरांच्या घरून आणलेली लोणच्याची बरणी.

घाटात म्हाताऱ्याला धाप लागली, म्हणून मी हट्टाने कावड घेतली. भीतीपोटी समीकरण पुटपुटत होतो आणि पाय त्याच तालावर पडत होते. झोके वाढू लागले, तसा मी ताल आणखी घट्ट धरला. तिसऱ्या वळणावर कावडीने मलाच गरकन फिरवले. बरणी दगडावर, तेल वह्यांवर आणि मी गुडघ्यांवर!

आता सर काय म्हणतील, या विचाराने मला रडू यायचेच बाकी राहिले. आण्णा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुन्हा पाय नि कावडना झोका एक व्हयना का ती तुले पाडस. पाय बदलीसन चाल." (तुझा पाय आणि कावडीचा झोका एक झाला की ती तुला पाडते. पाऊल बदलून चाल.) कावड खांद्यावर घेऊन त्यांनी दोन आखूड पावले टाकली, मग एक लांब. झोका खरोखरच विरला.

सर तलावाकाठी बसले होते. त्यांना पाहताच समीकरण साफ विसरलो. मग बरणीचीच हकिगत सांगितली: प्रत्येक पाऊल झोक्यात थोडी थोडी भर घालत होते, म्हणून पहिल्या वळणावर तगलो आणि तिसऱ्यावर पडलो.

सरांनी माझी तेलकट वही चाळली. मग विचारले, "आणि सावरायचं कसं?"

"ठेका बदलून."

त्यांनी फॉर्म मागितला. तो वहीवर ठेवून सही करत म्हणाले, "लोणच्याचं घरी तूच सांगायचंस."

उतरताना वह्या काखेत आणि खांद्यावर रिकामी कावड होती, तरी मी पाऊल बदलतच चाललो. परतीच्या गाडीत फॉर्म काढून पाहतो तो सहीशेजारी तेलाचा डाग पसरलेला. असला फॉर्म घेतील की परत करतील? घरापर्यंत जीव टांगणीला लागला होता. पण डाग कशाचा म्हणून कुणी विचारलेच, तर ते सांगण्यापुरते गणित आता मला येत होते.