बाजूले माणूस आहे

बॅटरीचा उजेड ते कधी कुणाच्या तोंडावर मारत नसत. आधी पायांवर, मग खुर्चीवर, आणि खुर्चीच्या पाठीवर दोन टिचक्या. "बसा बाप्पा, बाजूले माणूस आहे."

सौंसरच्या टॉकीजमध्ये मी तिकीट खिडकीवर होतो आणि हे बॅटरीवाले काका आत. मोहगावहून सायकलनं यायचे. भुताचा पिक्चर लागला की त्यांचा कायदा एकच, एकट्यानं बसायचं नाही. हॉल अर्धा रिकामा असला तरी एकट्या माणसाला उठवून कुणा अनोळखी माणसाशेजारी नेऊन बसवायचे. एकदा रामाकोन्याच्या एका गुरुजींना त्यांनी नेमकं अशा माणसाजवळ बसवलं, ज्याच्याशी त्यांची शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टकचेरी चालू होती. मध्यंतरात दोघं एकाच पुडीतले फुटाणे खात होते.

स्वतः काका मात्र पडद्याकडे पाठ करून उभे राहत, खेळ संपेपर्यंत. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडांवर हलायचा आणि ते ती तोंडं पाहत राहायचे. भुताचे पिक्चर कसे बदलत गेले, हे मला या पाठमोऱ्या माणसाकडूनच कळलं.

"पहिले धुकं अन् पांढरं लुगडं होतं, तवा लोक भेवले का बाजूच्याचा हात धरत. मंग पोस्टरवर रबराचे मुखवटे आले, रगत आलं, तर लोक हासू लागले. आता भूत वरडतच नाई. सारं चूप होते, अन् लोकायचं तोंड हालत नाई. मले याच पिक्चरचं भेव वाटते."

एकदा मी विचारलं, "काका, पाठ काऊन करता?"

त्यांनी बॅटरीची कळ खालीवर केली. मग सांगितलं. मी कामाला लागण्याआधीची गोष्ट. दुपारचा खेळ होता. एक बाई एकटीच आली, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन मागच्या रांगेत बसली. खेळ सुटला, सगळे गेले, ती बसूनच. काकांनी खांद्याला हात लावला तर संत्री घरंगळत खाली आली. डॉक्टर म्हणाले, मध्यंतराच्या आधीच गेली असावी.

"बाजूले कोणी असतं तर समजलं असतं. अन् मी, भाऊ, तवा पिक्चर पाहून राहिलो होतो."

टॉकीज बंद झाली तेव्हा शेवटचा खेळही भुताचाच होता. दुपारची वेळ, प्रेक्षक चार. काकांनी चौघांना एका ओळीत बसवलं. मी दारात उभा होतो. थोड्या वेळानं बॅटरी पुन्हा पेटली. उजेड रिकाम्या वाटेवरून माणसाच्या चालीनं सरकत पाचव्या खुर्चीशी थांबला. दोन टिचक्या. "बसा बाई, बाजूले माणूस आहे."

हॉलमध्ये संत्र्याचा वास होता. हंगाम आहे, वास येणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण घाबरलो होतो, हे कबूल करतो.

आता पांढुर्ण्यात माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की कानांत तारा घालून भुताचे पिक्चर पाहतो. तुम्हीही असेच पाहत असाल. काका दवाखान्यात आले की दुकानात टेकायचे. समोरच्या स्टुलावर बसून, मोबाइलकडे न बघता, माझं तोंड पाहत राहायचे.

"एकलाच पाहून राहिला का?"

"तुम्ही आहा ना काका."

"मी किती दिवस?"

या उन्हाळ्यात ते मोहगावला झोपेतच गेले. शेजारी कोणी नव्हतं. पुतण्याला सकाळी कळलं. आयुष्यभर लोकांना शेजार देणारा माणूस असा जावा, हे मला अजून सहन होत नाही.

त्यांचं स्टूल मी माझ्या खुर्चीशेजारी ओढून घेतलंय. पिक्चर पाहताना एक कान मोकळा ठेवतो. परवा दुपारी पिक्चरमध्ये सगळं चूप झालं आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन टिचक्या पडल्या. खुर्चीमागे भिंत आहे.

मी वळलो नाही. स्टुलावर ठेवलेली मालाची खोकी उचलून जागा मोकळी केली. जरा वेळानं तिकडून संत्र्याचा वास येऊ लागला. हे दिवस संत्र्याचे नाहीत.